‘परखड ठाणेकर’ यांना उत्तर (जरा लांबलंय)

गेल्या आठवड्यात मी बीटी कापसाच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाच्या, बियाण्यावर लिहिलं होतं. पाकिटाची किंमत सरकारने खाली आणली ते बरंच केलं, असा त्या लेखाचा सूर होता. त्यावर ‘परखड ठाणेकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गाभा असा : “कोपरखैरण्यात पंख्याखाली बसून पऱ्हाटीवर लिहायला काय जातं? दरनियंत्रणाचे पोवाडे गाताना त्यानेच नवं तंत्रज्ञान यायचं थांबलं, हे सोयीस्कर विसरलात. आकडेही चुकीचे. आधी थोडं वाचा, मग लिहा.”

आधी चूक कबूल करतो, म्हणजे तो विषय मिटेल. 2002 साली बीटीला परवानगी मिळाली तेव्हा 450 ग्रॅमचं पाकीट 1,600 रुपयांना होतं. मी 1,850 लिहिलं, तो पुढच्या हंगामांतला दर. लेखात दुरुस्ती केली आहे, धन्यवाद. पण ‘आकडेही चुकीचे’ म्हणजे किती हो? मला एकच सापडला. उरलेले तुम्ही दाखवलेत तर तेही दुरुस्त करीन.

आता पंख्याचं. खरं सांगायचं तर हे वाक्य लागलं. टीका चालते, पण माणूस कुठे राहतो यावरून त्याला काय कळतं हे ठरवायची पद्धत मला कळत नाही. आणि तुम्ही स्वतः घोडबंदर रोडला राहता असं खालीच लिहिलंय. तिथे कोणती वेचणी चालू असते?

माझ्या वडिलांची यवतमाळ जिल्ह्यात साडेपाच एकर कोरडवाहू. काकांचं तालुक्याला कृषी केंद्र होतं. अकरावी-बारावीच्या दोन्ही उन्हाळ्यांत मी तिथे पावत्या फाडल्या. जून लागला की शटर अर्धं खाली आणि बाहेर रांग. अमुक एक वाण हवा असेल तर सोबत झिंक खताची पिशवी घ्यावीच लागायची, नको असली तरी. त्याला लिंकिंग म्हणतात. हा शब्द कोणत्याही अहवालात वाचून शिकलेलो नाही. पावतीवर छापील किंमत आणि हातात त्याच्यावर शंभर-दोनशे, हेही तिथेच पाहिलं. काका आता नाहीत, म्हणून एवढंच.

पण सांगायचंय ते वेगळंच. बियाण्याच्या त्या डब्यात दोन पाकिटं असायची. मोठं 450 ग्रॅमचं बीटी, आणि एक छोटं, 120 ग्रॅमचं, बिगर-बीटी. नियम असा की शेताच्या चारही बाजूंनी या साध्या कापसाच्या पाच ओळी लावायच्या, किंवा एकूण क्षेत्राच्या 20 टक्के, यातलं जे जास्त भरेल ते. त्या साध्या झाडांवर वाढलेले, बीटीची सवय नसलेले पतंग बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुळतात आणि पुढच्या पिढीत प्रतिकारशक्ती पक्की होत नाही. एवढी साधी युक्ती. माहितीपत्रकात छापलेलीही होती, बारीक अक्षरात.

लोक विचारायचे, “हे बारकं कायचं आहे?” मी सांगायचो, “नांग्या भराले ठेवा,” म्हणजे जिथे उगवलं नाही तिथे पुन्हा लावायला. सोळा-सतरा वर्षांचा होतो. मलाच कोणी सांगितलं नव्हतं. काही जण पाकीट दुकानाच्या पायरीवरच टाकून जात. आमच्या घरी आई ती जमवून पत्र्याच्या डब्यात ठेवायची, कारण बी फेकायचं नसतं.

त्यात ही बियाणी संकरित. घरची सरकी राखून पेरायची सोय नाही, दरवर्षी पाकीट घ्यायचंच. कालावधीही लांब. शेवटची बोंडं निघाली की एखादं पाणी मिळतंय म्हणून लोक फरदड, म्हणजे त्याच झाडांचं वाढीव पीक, घ्यायचे; जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत झाडं शेतात उभीच आणि गुलाबी बोंडअळीला जेवण चालू. बाबांनीही घेतली आहे, लपवत नाही. पहिल्या पिढीचं बीटी गुजरातेत 2009-10 च्या सुमाराला या अळीपुढे हरलं. दोन जनुकांचं बोलगार्ड-2 आलं होतं 2006 मध्ये. 2017 च्या हंगामात आमच्या शेतात त्याच्याच झाडांवर डोमकळ्या होत्या. पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, आणि आत अळी. बोंड वरून धडधाकट दिसायचं, फोडलं की सरकी पोखरलेली, रुई पिवळी. त्याच वर्षी जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. ‘थोडं वाचा’ म्हणता, तेव्हा हे वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे, एवढं लक्षात घ्या.

तर तंत्रज्ञान मेलं ते त्या 120 ग्रॅमच्या पाकिटात. 2006 च्या आधी बियाण्याच्या किमतीत बाराशेच्या आसपास नुसती तंत्रज्ञानाच्या मालक कंपनीची रॉयल्टी जात होती. आंध्र सरकारने 2006 मध्ये भांडून पाकीट 750 वर आणलं, मग बाकी राज्यं जागी झाली. त्या बाराशेतले दहा रुपये शेतकऱ्याला पाच ओळी समजावण्यावर कोणी घातले? आमच्या दुकानात टोप्या आल्या, कॅलेंडरं आली, एकदा भिंतीवरचं घड्याळ आलं. समजावणारा माणूस आल्याचं मला आठवत नाही.

राहिलं नव्या तंत्रज्ञानाचं. मार्च 2016 मध्ये केंद्राने पाकिटाला 800 रुपये कमाल दर आणि 49 रुपये रॉयल्टी ठरवली, त्याच वर्षी महिको या बियाणे कंपनीने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज मागे घेतला. माहीत आहे मला. रुसले असतील. पण बीटी वांग्यावर फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती आणली, तिथे कोणतं दरनियंत्रण होतं? दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या डीएमएच-11 या जनुक बदललेल्या मोहरीला 2022 मध्ये मंजुरी मिळाली, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं तिच्यावर एकमत झालं नाही. ती तर सरकारी पैशातली. तिला 49 रुपये आडवे आले का? आणि 2020 मध्ये रॉयल्टी शून्य झाली याचा तुम्ही एवढा शोक केलाय, तर बोलगार्ड-2 च्या पेटंटची मुदत 2019 मध्येच संपली होती. संपलेल्या पेटंटचं भाडं कसलं?

अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला 2019 मध्ये शेतकऱ्यांनी उघडपणे बंदी असलेलं बियाणं लावलं, त्यावर तुम्ही मोठा परिच्छेद लिहिलाय. तो वेगळा विषय आहे, इथे घेत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी खरं नाव घाला. परखडपणा टोपणनावाने जरा स्वस्त पडतो.

काल आईला फोन करून विचारलं. डबा अजून माळ्यावर आहे म्हणाली, बी मात्र किडलंय. दिवाळीला गेलो की एक पाकीट घेऊन येईन. बघायचं असेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडा आणि कोपरखैरण्याला उतरा. पंखा लावून ठेवतो.