ट्रेझेगेचा दाखला आता पुरे

'तिशी उलटलेला स्ट्रायकर (गोल करणारा पुढचा खेळाडू) घेणं म्हणजे मुठा नदीत पैसे सोडणं. क्लबनं पोरंच घ्यावीत.' हा मेसेज सध्या पुण्यातल्या फुटबॉलच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. त्यात चार मुद्दे आहेत आणि पहिलाच बालेवाडीचा, म्हणजे पुण्याच्याच क्लबचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटीनं ३७ वर्षांचा फ्रेंच स्ट्रायकर डेव्हिड ट्रेझेगे आणला आणि त्यानं दोनच गोल केले, असं मेसेज सांगतो. खरंय. पण ट्रेझेगे पळून गोल करणारा कधी होता? युरो २००० ची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल आठवा. फ्रान्सच्याच पिरेसनं डावीकडून चेंडू मागे दिला, यानं बॉक्समध्ये (गोलपुढच्या चौकटीत) तो हवेतच जाळ्यात मारला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि तेव्हाही त्याचं सगळं काम बॉक्समध्येच चालायचं. अशा माणसाला चेंडूचा पुरवठा लागतो. नव्यानं जमवलेल्या टीमकडून, सव्वादोन महिन्यांच्या स्पर्धेत, तो कितीसा होणार? शिवाय मार्की खेळाडू, म्हणजे मोठ्या नावाचा स्टार, घेतात तो निम्मा पोस्टरसाठीच. (त्या पोस्टरला भुलून तिकीट काढणाऱ्यांत मीही होतो.) आणि त्याच मोसमात सर्वाधिक ८ गोल कुणी केले? चेन्नईच्या एलानोनं. वय ३३, आणि तो तर मिडफिल्डर, मधल्या फळीतला!

पुढची गोष्ट मेसेजवाला विसरला. २०१९ मध्ये पुणे सिटीचा गाशा गुंडाळला गेला आणि लीगमधली तिची जागा हैदराबादनं घेतली. २०२२ मध्ये हैदराबाद चॅम्पियन झालं, तेव्हा १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला बार्थोलोम्यू ओग्बेचेनं. त्याचं वय होतं ३७. ट्रेझेगेएवढंच.

दुसरा मुद्दा: वेग गेला की गोल आटतात. २०१४-१५ मध्ये इटलीच्या सेरी आ लीगमध्ये दोघांनी प्रत्येकी २२ गोल करून पहिला नंबर वाटून घेतला. एक इंटरचा इकार्डी, २२ वर्षांचा. दुसरा वेरोनाचा लुका टोनी. मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात त्याला ३८ पूर्ण झाली.

पोरगा पुढे विकता येतो, म्हातारा नाही, हा तिसरा मुद्दा निम्मा मान्य. पण विकायला आधी त्यानं खेळावं लागतं. रेआल माद्रिदनं २०१९ मध्ये सुमारे ६ कोटी युरो मोजून २१ वर्षांचा लुका योविच घेतला. तीन वर्षांनी तो इटलीच्या फिओरेंटिना क्लबला गेला, तोही फुकट.

उरला शेवटचा मुद्दा, अनुभवी माणूस पोरांची जागा अडवतो. हे मला खरंच बोचतं, कारण त्यात तथ्य आहे. सुनील छेत्री २०२४ मध्ये भारतीय संघातून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं आणि मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. त्याच्यामागे कुणीच तयार नव्हतं, कारण आपल्या क्लबांत नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, बहुतेक वेळा परदेशी खेळाडू असतो. तो २४ चा असो की ३४ चा, आपला पोरगा बेंचवरच बसतो.