दोन नंबर मोठ्या बुटाबद्दल, भाऊ

भाऊ, पोरांच्या बुटांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘एसीत बसून अंगठ्याएवढी जागा मोजणाऱ्यांनी शहाणपण शिकवू नये. आम्ही दोन नंबर मोठा घेतो, पुढे कापूस कोंबतो, दोन वर्षं निघतात. गावाकडे पोरं अनवाणीच वाढली. आणि वेल्क्रो इकडे टिकत नाही.’

मत वेगळं असू द्या, पण हा ‘एसी’ कुठून काढलात? पारोळ्याला आमचं चपला-बुटांचंच दुकान होतं. गिऱ्हाइकापुढे उकिडवं बसून पोरांच्या पायात बूट चढवण्यात उमेदीची वर्षं गेली. ते असो. वेल्क्रोचं तुमचं खरं आहे. धूळ आणि कुसळं भरली की तो धरत नाही, नाडीचे घ्या.

आता दोन नंबर. एक नंबर म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर. बोटांपुढे मोकळी ठेवा म्हणून मी लेखात सांगितलेली १०-१२ मिलिमीटर जागा हीच सव्वा नंबराची वाढ झाली. शाळकरी पोराचा पाय वर्षाला साधारण नंबरभर वाढतो, म्हणजे जूनमधला बूट बहुतेक वर्ष काढतो. त्यावर तुमचे दोन नंबर चढवले की पुढे पावणेतीन सेंटिमीटरची पोकळी! बूट वाकायला हवा चवड्यापाशी, जिथे पाय वाकतो. लांब बुटात ती घडी बोटांखाली जाते, टाच निसटते आणि पोरगं बोटं आखडून बूट धरत चालतं. पळताना ठेचकाळतं ते वेगळंच. कापसाने लांबी भरते, रुंदी नाही, आणि घामाने त्याचा गोळा होऊन तोच बोटांना टोचतो. कापूस आपल्याकडे पिकतो म्हणून तो बुटातही कोंबायचा का?

दुकानात टोक अंगठ्याने दाबून बघणंही फसवं, दाबलं की पोरगं बोटं आत ओढतं. त्यापेक्षा संध्याकाळी, शाळेचे मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून पोराला पुठ्ठ्यावर उभं करा. बसवून नको; भार पडला की पाय पसरतो. सगळ्यात लांब बोटापाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. ते बोट अंगठ्याशेजारचंही असतं. दोन्ही पाय मोजून मोठा धरा, १२ मिलिमीटर मिळवून बोटभर रुंद पट्टी कापा आणि फुले मार्केटला जाताना खिशात ठेवा. बुटात पट्टी वाकली तर लहान, पुढेमागे सरकली तर मोठा.

अनवाणीचं लेखातच आहे, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. घरात-अंगणात खुशाल हिंडू द्या. मे महिन्यातल्या भुसावळच्या डांबरावर तुम्ही तरी पाठवाल का?

मोठ्याचे बूट धाकट्याला चालवतो, असंही शेवटी लिहिलंत. टाच एका अंगाला झिजली नसेल आणि पट्टी बसत असेल, तर चालवा.