पालवी निकम, वय दीड वर्ष

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या हिवाळ्यात हॉलमधला हीटर अठराच्या वर न्यायचा नाही, असा आमच्या घरचा कायदा आहे. वीज-गॅसची बिलं पाहिली की तो मलाही पटतो. मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून लॅपटॉपसमोर बसतो. त्याच हॉलच्या कोपऱ्यात, चार फुटी काचेच्या पेटीत, चाळीस अंशांच्या दिव्याखाली पालवी दगडावर पोट टेकून पडलेली असते. वाईला मे महिन्यात ओट्यावर पडतात तशी.

पालवी म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. मराठीत सरडाच, पण तसं म्हटलं की लेक जेवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला हा प्राणी. शेपटीसकट पावणेदोन फूट, आणि हनुवटीखाली काटेरी पिशवी. रागावली की ती फुगते आणि काळी होते, म्हणून दाढीवाली. इंग्लंडात हा प्राणी पाळायला परवाना लागत नाही. बायकोची परवानगी लागते, ती लेकीने आधीच काढली होती. नाव बायकोने ठेवलं. त्यात पाल आहे हे इथे वाढलेल्या लेकीच्या अजून लक्षात आलेलं नाही.

दीड वर्षाची होईपर्यंत तिचं उत्तम चाललं होतं. पालेभाजी आणि डब्यातून येणारे जिवंत टोळ असा आहार. टोळधाडीच्या नावाने आजोबांच्या पोटात गोळा यायचा. नातू तेच टोळ पौंड मोजून घरी आणतो. पालेभाजीत पालक मात्र नको, त्याने शरीरातलं कॅल्शियम बांधलं जातं. पालकांनी पालक देऊ नये, हा विनोद मी घरात चार वेळा केला. पाचव्यांदा करायला बंदी आहे.

मग फेब्रुवारीत तिने खाणं सोडलं. दिवसभर काच खरवडायची. बाहेर काढलं की सोफ्याचा कोपरा उकरायची, माझी सपाता उकरायची, धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत शिरून लेकीचा शाळेचा स्वेटर उकरायची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण ज्याने केली, त्याने पालवीला त्या आठवड्यात पाहायला हवं होतं. मी निदान केलं, कंटाळा. बायकोने केलं, बद्धकोष्ठ, आणि तिला कोमट पाण्यात बसवलं. पोटाखाली हात घातला तर आत द्राक्षं भरल्यासारखं लागत होतं.

आईला व्हिडिओ कॉल लावला. आईला पालीची इतकी किळस, की भिंतीवर पाल दिसली तर ती खोली वडील येईपर्यंत पालीची. तिने मान मागे घेऊन, एका डोळ्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि दोन सेकंदांत सांगितलं, "अंड्यावर आलीय."

"आई, इथे नर नाहीये. एकटीच असते ती."

"कोंबडा नसला तर कोंबड्या काय संप करतात? तू शाळेतून आल्यावर जी ऑम्लेटं हाणायचास, त्यांना बाप होता होय रे?"

वाईला आमच्या परसात वीसेक कोंबड्या होत्या. त्यांचं सगळं आईनेच केलेलं. यावर मी काय बोलणार?

तरी डॉक्टरकडे नेलंच. इथल्या जनावरांच्या दवाखान्यात पेशंटला मालकाचं आडनाव लावतात. भरलेल्या वेटिंग रूममध्ये, एक लॅब्रॅडॉर आणि तीन मांजरांच्या देखत, "पालवी निकम!" असा पुकारा झाला. निकमांच्या सात पिढ्यांत कुणी इतकी खवल्यांची नव्हती, पण मी उठलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी नराच्या संगतीत होती का? या माद्या नराचं बीज बरेच दिवस पोटात साठवून ठेवू शकतात म्हणे. मी मुलीच्या बापाच्या आवाजात सांगितलं, आमच्याकडे तसलं काही नाही.

एक्सरेत पोटभर गोल गोल दिसत होतं. बाईंनी सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. अंडी फळलेली नसली तरी घालावी तिला लागतातच. उकरायला मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, मग ती आत अडकतात, आणि त्यात जीवही जातो. कवचाला लागणारं कॅल्शियम आहारातून मिळालं नाही, तर ते तिच्याच हाडांतून जातं. बोटं थरथरायला लागली तर ताबडतोब या. कॅल्शियमची पूड आणि बिल घेऊन आम्ही घरी आलो. आई म्हणाली, "आम्ही कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घालायचो. फुकट."

आता माती. वीत-दीड वीत खोल तरी हवी. वाळू आणि बिनखताची माती मिसळून, उकरली तरी बीळ ढासळणार नाही इतकी ओली. बायकोचा रजया ठेवायचा प्लास्टिकचा खोका रिकामा केला. फोन फळीला टेकवून वाईहून देखरेख सुरू झाली.

"अजून पाणी. थांब! ओतू नकोस, शिंपड. आता मूठ वळ. लाडू झाला?"

"झाला."

"हाताला पाणी लागलं?"

"थोडं."

"मग बिघडवलास. अजून माती घाल."

आमच्याकडे गुरुवार पाळतात, त्या दिवशी घरात अंडं चालत नाही. पालवीने गुरुवार धरला. सकाळी नऊला तिला खोक्यात सोडलं. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्यांनी ती भिरकवायची. पहिली मूठ माझ्या कीबोर्डवर आली. अकराच्या सुमाराला बाहेर फक्त शेपटीचं टोक उरलं. मग ती बाहेर आली, उलटी फिरली, मागचा भाग बिळात घातला आणि डोळे अर्धे मिटले.

नेमकी तेव्हाच माझी मीटिंग होती. दर तिमाहीला मी चाळीस पानांचं एक सादरीकरण करतो. त्याआधी आठवडाभर मलाही जेवण जात नाही, मीही घरभर येरझाऱ्या घालतो. ते सादर होतं, सगळे छान म्हणतात, आणि ती फाइल पुढे कुणीही उघडत नाही. कॅमेरा बंद ठेवून मी सतराव्या पानावर बोलत होतो आणि खोक्यात पहिलं अंडं दिसलं. अंगठ्याच्या पेराएवढं, पांढरं, ओलसर. कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नाही, मऊ चामड्याचं. एकतिसाव्या पानापर्यंत नऊ झाली होती.

दुपारी तिने बीळ बुजवलं. पायांनी माती लोटली, आणि मग नाकाने ठोकून ठोकून, अंगण सारवल्यासारखी सपाट केली. आत काही आहे अशी कुणाला शंकासुद्धा येऊ नये. मी इतक्या निगुतीने आजवर एकही काम संपवलेलं नाही. बाहेर काढली तेव्हा ती रिकाम्या थैलीसारखी लोंबत होती, कमरेची हाडं वर आलेली. पाणी पाजलं, अंघोळ घातली. पाच टोळ तिने असे गिळले की उरलेल्यांनी डब्यात हालचाल बंद केली.

रात्री ती झोपल्यावर मी चोरासारखा खोका उकरला. तेवीस. आईच्या हुकमाने एकेक मोबाइलच्या टॉर्चपुढे धरलं. आत नुसता पिवळा उजेड, लाल शिरा कुठेच नाही. दोन-तीन तर चिमायलाही लागली होती. खात्री असावी म्हणून सगळी एका डब्यात घालून फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी ठेवली. डब्यावर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी: "खायचं नाही." तिच्या वळणदार अक्षरात ती उपासाची सूचना वाटते.

लेकीने दरम्यान आणखी एक शोध लावला. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय, की या जातीची अंडी ३२ अंशांच्या वर उबली तर जनुकांनी नर असलेलं पिल्लूसुद्धा मादी होऊन बाहेर येतं. वर अशा माद्या इतरांपेक्षा जास्त अंडी घालतात. "म्हणजे पालवी मुळात मुलगा असू शकते!" तिने आजीला सांगितलं.

"असेना का," आई म्हणाली. "काम करतेय ना?"

आणि तिने वाईच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाखाली, काहीतरी लिहून ठेवलं. काय ते सांगितलं नाही.

पुढचे दिवस आनंदात गेले. पालवी भरली, रंगाला आली, दगडावर पडून माझ्या स्वेटरांकडे बघू लागली. चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी सहाला फोन वाजला.

"माती भिजवलीस?"

"आई, ती व्यवस्थित आहे. काल सात टोळ खाल्लेत."

"भिजव."

मी उठून हॉलमध्ये आलो. दिवे अजून लागायचे होते. अंधारात पेटीतून काचेवर आवाज येत होता, खर्र, खर्र.

"आई, अगं, पण उद्या गुरुवार आहे."

"मग? फोन दे तिच्याकडे, मी सांगते तिला."