'शुगर आहे? मग दाताला हात लावू नका!' – कुणी सांगितलं?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपासून आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: शुगरवाल्यांनी दात काढू नये, जखम भरत नाही, हिरडीतून रक्त आलं तर ब्रश बंद करून मिसरी लावावी, आणि शुगर कितीही सांभाळा, दात जायचे ते जाणारच.

जखमेचं अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. शुगर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जखम रेंगाळते. पण ही गोष्ट चढलेल्या शुगरची. आटोक्यात असेल तर दात बिनघोर काढता येतो. डॉक्टर आधी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, विचारतात ती त्यासाठीच. सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊन जावं. गोळी घेऊन उपाशी गेलात तर शुगर उतरून खुर्चीतच घाम फुटायचा.

पू धरलेला दात तसाच ठेवणं जास्त महागात पडतं, कारण संसर्गानं शुगर आणखी चढते. आमच्या आत्याचं हेच झालं. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, उभा जन्म विड्या वळण्यात गेला. खालची दाढ हलत होती, मेसेज ऐकून थांबली. महिनाभर कडक भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, शेंगाचटणी एकाच बाजूनं. गाल सुजल्यावर तपासलं तर उपाशीपोटी शुगर २६०! आधी पू काढला, अँटिबायोटिक दिलं, शुगरची औषधं बदलली, मग दाढ काढली. जखम भरली. आत्या म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

मिसरीचा सल्ला तर धोक्याचाच. मिसरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. तिनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं आणि बाईला वाटतं, गुण आला. हिरडीखाली हाड झिजतच राहतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. रक्त येतं ते दाताच्या मुळाशी साचलेल्या थरामुळे, तिथेच ब्रश हवा, मऊ केसांचा.

राहिलं 'जाणारच'. मधुमेहात हिरड्यांच्या आजाराचा धोका साधारण तिप्पट धरतात, पण तो मुख्यतः बेताल शुगरवाल्यांना. उलट हिरड्यांखालची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपासनं कमी होतं, असं २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या) आहे. गोळ्या सोडाव्यात इतकं नाही, पण वायाही नाही. (सफाईनं दात हलतात म्हणतात, हलत ते आधीपासूनच असतात, कीटण निघाल्यावर कळतं.)

आत्या आता ब्रश करते, रात्रीसुद्धा. दुपारी मात्र तिच्या घरातून अजून मिसरी भाजल्याचा वास येतो. त्यावरून आमची भांडणं चालू आहेत.