मालकाचं उत्तर: "दोन तासांचे १४ हजार, शुद्ध लूट"

नमस्कार सर, तुमच्या सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी आम्ही कापली त्याचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात ठीक आहे, पण "एक फांदी, दोन तास, १४,००० रुपये, शेजारच्या सोसायटीत ४,००० मध्ये झालं, वर लाकूडही घेऊन गेले" असं लिहिलंय म्हणून उत्तर देतोय, उद्या दुसऱ्या कुणाचा फोन आला की पहिलं हेच ऐकवणार.

आधी माझी चूक. रेट मी फोनवर तोंडी सांगितला, त्यात काय काय धरलंय ते व्हॉट्सॅपवर चार ओळीत टाकायला हवं होतं, राहिलं. आणि बी विंगच्या गॅलरीत भुसा उडाला तो आमच्या पोरांनी झाडून द्यायला पाहिजे होता, त्याबद्दल सॉरी.

आता दोन तास. तुम्ही खाली आलात तेव्हा दहा वाजलेले. पोरं साडेसातला गेटवर होती, पत्र्याखालच्या गाड्या काढेपर्यंत नऊ वाजले, त्यात एका गाडीचे मालक गावाला, चावी कपाटात आणि कपाटाची चावी त्यांच्या खिशात 😅 शेवटी त्या गाडीवर जुन्या गाद्या टाकल्या. फांदी पार्किंगच्या पत्र्यावर अख्खी आडवी आलेली, आणि गुलमोहर ठिसूळ, काप पूर्ण व्हायच्या आत कडकन मोडतो, म्हणून सात तुकडे केले आणि एकेक दोराला बांधून खाली सोडला. आधी खालून थोडा काप घ्यायचा मग वरून, नाहीतर फांदी जाताना खोडाची साल सोलत नेते आणि तिथूनच झाड सडायला लागतं. हे लांबून बघताना नुसता टाइमपास वाटतो, मान्य.

पैशाचं सांगतो. वर चढणारा २,५००, खाली दोर धरायला आणि पाला ओढायला तीन जण प्रत्येकी १,०००, टेम्पोच्या दोन फेऱ्या ३,६००, पेट्रोल-ऑइल आणि चेन धरून ७००. झाले ९,८००. उरले ४,२००, त्यात माझ्या दोन व्हिजिट, परवानगीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागात तीन चकरा (अर्ज सोसायटीच्या नावाने, चकरा माझ्या), पोरांचा विमा, आणि दोर, कारण दोर घासला की फेकायचाच असतो, त्याला माणूस लटकतो. एप्रिल-मेमध्ये फोन थांबत नाही आणि दिवाळीनंतर दोन-दोन आठवडे काम नसतं, तेव्हाही चढणाऱ्याला उचल द्यावी लागते, नाहीतर तो सेंट्रिंगच्या कामावर जातो आणि परत येत नाही. अशी दोन चांगली माणसं मी घालवलीत.

४,००० वाल्याबद्दल वाईट बोलणार नाही, तोही पोटासाठीच करतो. पण परवानगी होती का एवढं शेजारी विचारून बघा. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यापासून पाडणं नाही, झाडाला इजा करणंही त्यातच धरलंय, आणि त्यात सोसायटीही अडकते, नुसता कोयतेवाला नाही. आणि तिकडे फांदीचा ढीग अजून गेटजवळ पडलाय, मी येताना पाहिला.

अजून एक, "शेंडा उडवा सांगितलं तर ऐकलं नाही" असंही तुम्ही लिहिलंय. नाही ऐकलं, आणि परत सांगितलंत तरी नाही करणार. शेंडा छाटला की त्या कापापाशी झुडपासारखे दहा-बारा फुटवे येतात, भराभर वाढतात पण त्यांची पकड वरवरची, दोन-तीन पावसाळ्यांनी तेच वाऱ्यात तुटून तुमच्याच पत्र्यावर येणार. झुकलेल्या बाजूचा भार कमी केलाय, तेवढं पुरे होतं.

लाकडाचं म्हणाल तर ते सागवान नव्हतं हो. ओल्या गुलमोहराला वखारवाला इतकं कमी देतो की टेम्पोचं डिझेलही सुटत नाही. ठेवायचं होतं तर तसं सांगायचं, फेरीचे १,८०० कमी लावले असते.

पावसाळा संपला की काप बघायला एकदा येऊन जाईन, त्याचे पैसे नाहीत. रस्त्याच्या बाजूला खोडात एक ढोली आहे तीही तेव्हा दाखवतो, चेअरमन साहेबांना पण बोलवा. आणि आमचा एक निळा पट्टा पत्र्यावर राहिलाय, तेवढा वॉचमनकडे देऊन ठेवा प्लीज.