मतदार यादी जाहीर असते, तुमचा अर्ज नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक संदेश सर्रास पुढे पाठवला जात आहे: मतदार यादी जाहीरच असते, मग लपवायचे काय, दारात येणाऱ्याला आधार आणि मोबाईल क्रमांक द्या, नाही तर नाव कमी होईल.

यादी जाहीर असते, हे खरे. तीत नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. नाव नोंदवण्याच्या अर्जात, म्हणजे नमुना ६ मध्ये, आपण भरलेली जन्मतारीख, मोबाईल, ईमेल किंवा आधार क्रमांक यादीत छापला जात नाही. जाहीर यादीसुद्धा संगणकावर सरसकट चाळता येऊ नये म्हणून निवडणूक आयोग ती चित्ररूपात ठेवतो, आणि शोधता येईल अशा स्वरूपात ती मागणारी काँग्रेस नेते कमलनाथ यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली.

आधार न दिल्यास नाव जाते, ही निव्वळ भीती घालणे आहे. मतदार नोंदणी नियमांतील नियम २६ब नुसार आधार बंधनकारक नाही, असे आयोगानेच सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आधार क्रमांक कळवण्याच्या नमुना ६ब मध्ये पर्यायी कागदपत्रांची यादीही आहे. मतदार आता तेथे राहत नाही किंवा पात्र नाही, या कारणावरून नाव वगळायचे झाल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २२ त्याला म्हणणे मांडण्याची संधी देते.

‘लपवायचे काय’ हा प्रश्न मला सर्वांत घातक वाटतो. आपल्याकडे आडनाव आणि गल्ली कळली की माणसाची भाषा आणि बहुधा जातही कळते. त्याला मोबाईल क्रमांक जोडला, की कोणाला कोणता संदेश पाठवायचा याची तयार यादी प्रचारकांच्या हाती लागते. ही कल्पना नव्हे: नोव्हेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत जनजागृतीची परवानगी मिळालेल्या एका खासगी संस्थेची माणसे बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) असल्याचे भासवून घरोघरी माहिती गोळा करत असल्याचा आरोप झाला, आणि आयोगाला चौकशीचे आदेश द्यावे लागले.

तेव्हा दारात आलेल्याचे ओळखपत्र पाहावे, शंका आल्यास १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करून विचारावे, आणि घरातील वृद्धांना कन्नड वाचता येत नसेल, तर अर्ज कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय त्यांना सही करू देऊ नये, कारण नाव वगळण्याचा नमुना ७ सुद्धा असाच छापील कागद असतो.