‘जेवता जेवता टीव्हीवर सिनेमा बघणाऱ्यांनी…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावरच्या माझ्या लेखाला परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतलंय, त्यामुळे ‘अहो’ म्हणावं की ‘अगं’ तेही कळत नाही. म्हणणं थोडक्यात असं: तो काळ नुसत्या रिमेकचा होता, नायिका शोभेला होत्या, दादा कोंडक्यांना मी विसरलो, खरा मराठी सिनेमा ‘श्वास’पासून सुरू झाला. आणि मधेच हे वाक्य: “जेवता जेवता टीव्हीवर सिनेमा बघणाऱ्यांनी अभिनयावर बोलू नये.”

बाकीचं ठीक आहे हो, मतं असतात माणसाला. पण हे वाक्य लिहिताना तुम्ही नक्की कुठे बसला होतात?

मी समीक्षक नाही, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय. हौशी प्रेक्षक आहे. पण हौशी म्हणजे आंधळा नव्हे. मी इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीत वाढलो. गणपतीत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. पुढची जागा मोठ्यांची, आम्ही पोरं पडद्यामागे, त्यामुळे सगळ्यांची नावं उलटी दिसायची. बाजूला माग चालूच. निम्मे संवाद त्या खटखटाटात जायचे. तरी लोक हसायचे, आणि नेमक्या जागी हसायचे. दिवसभर मागावर उभी राहिलेली माणसं सराफांचा चेहरा वाचायची. माझे वडील त्यांतलेच. त्यांनी कधी थिएटरात तिकीट काढलं नाही. तुमच्या हिशोबाने त्यांनाही बोलायचा हक्क नाही, असंच ना?

आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघितल्यानेच काही गोष्टी दिसतात. ‘अशी ही बनवाबनवी’तला ‘सत्तर रुपये वारले’चा प्रसंग घ्या. सगळे सराफांचं वाक्य म्हणून दाखवतात. पण ते वाक्य सराफ किती सपाट टाकतात बघा. आवाज चढवत नाहीत, डोळे मोठे करत नाहीत. हशा पिकतो तो समोरच्या, घरमालक झालेल्या सुधीर जोशींच्या तोंडावर. पहिल्या खेपेला आपण सराफांकडेच बघतो, जोशी नंतर कधीतरी सापडतात. लक्ष्याची, म्हणजे बेर्डेंची, बाईचं सोंग घेतलेली पार्वतीही तशीच. पदर सावरताना तो बाईची नक्कल करत नाही, पकडला जाण्याच्या भीतीने घामाघूम झालेला गडी दिसतो. हे मला भाकरी खाता खाताच दिसलं. त्यासाठी एखादा कोर्स करावा लागतो का, ते तुम्ही सांगा.

रिमेकचं म्हणाल तर ‘बनवाबनवी’ (१९८८) हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलाय आणि ‘धूमधडाका’ (१९८५) मुळात तमिळ सिनेमावरून आलाय, हे मला ठाऊक आहे. मी ते लपवून ठेवलं होतं अशा थाटात तुम्ही सांगितलंत, त्याची गंमत वाटली. पण बनवाबनवीची पटकथा आणि संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे तेच सबनीस, ज्या वगनाट्यातल्या हवालदाराने दादा कोंडक्यांना घराघरांत पोचवलं. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन मला हिणवलंत, त्यांचा धागाही इथेच येऊन मिळतो. तुमच्या प्रतिक्रियेत सबनीस कुठे दिसले नाहीत ते.

नायिकांवर मी दोनच ओळी लिहिल्या, हे मान्य. अश्विनी भावे, निवेदिता जोशी, सुप्रिया, प्रिया अरुण यांच्यावर वेगळं लिहायला हवं. ‘शोभेला’ मात्र तुमचा शब्द, माझा नव्हे.

‘श्वास’बद्दल वाद नाही. मला तो आवडतो, मी तो दोनदा रडत बघितलाय. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००४ साली तो भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला, चांगलंच झालं. त्याने सराफ लहान कसे होतात? पुरस्कारांवरच मापायचं असेल, तर २०२३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ ची पद्मश्री त्यांच्याकडेही आहे. लक्ष्याच्या वाट्याला हे दिवस आले नाहीत. तो गेला डिसेंबर २००४ मध्ये, ‘श्वास’च्याच वर्षी, अवघ्या पन्नाशीत. तुम्ही त्याला ‘आचरट’ म्हणालात. म्हणा. पण मग स्वतःच्या नावाने म्हणा, टोपणनावामागून काय?

कोंडक्यांवर लेख होता असं मी कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून ते राहिले. त्यांच्यावर तुम्हीच लिहा, मी नक्की वाचेन. बहुतेक जेवता जेवता.